मास्टरजींचं खातं

चंदीगडमध्ये दुकान चालवणाऱ्याला तीन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता यावे लागतात : 04, 03 आणि 06. चार म्हणजे चंदीगड, तीन म्हणजे पंजाब, सहा म्हणजे हरियाणा. जीएसटी क्रमांकाची सुरुवात या आकड्यांनी होते. सोलापुरातल्या माझ्या भावाला वर्षानुवर्षं सत्तावीस सोडून दुसरा आकडा क्वचितच लिहावा लागतो. माझं दुकान शाळेच्या गणवेशांचं आहे, सेक्टरातल्या बाजारात एक बूथ. (इथे लहान गाळ्याला बूथ म्हणतात, वर कचेरी असली की तो एससीओ होतो.) या बूथमधून रिक्षाने एका बाजूला थोडं गेलं की मोहाली लागतं, म्हणजे पंजाब, दुसऱ्या बाजूला गेलं की पंचकुला, म्हणजे हरियाणा. मध्ये घाट नाही, खिंड नाही, रस्ता ओलांडला की राज्य बदलतं. 1 नोव्हेंबर 1966 रोजी पंजाबातून हरियाणा वेगळा झाला, चंदीगड दोघांची राजधानी आणि स्वतः केंद्रशासित झालं. ती रेघ आजही माझ्या बिलबुकातून जाते.

चंदीगडच्या गिऱ्हाइकाला शर्ट विकला तर कराचे दोन तुकडे : निम्मा केंद्राचा, निम्मा केंद्रशासित प्रदेशाचा. तोच शर्ट मोहालीच्या शाळेला पाठवला तर तो आंतरराज्य व्यवहार, सगळा कर आयजीएसटी या एका नावाखाली. रक्कम तेवढीच, रकाना वेगळा. छोट्या दुकानदारांसाठी सरकारने कंपोझिशनची सोपी योजना ठेवली आहे. वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत असेल तर उलाढालीवर ठरावीक टक्का भरायचा आणि मोकळं व्हायचं. पण त्या योजनेतल्या दुकानदाराला राज्याबाहेर माल विकता येत नाही. भावाला ही अट आहे हेसुद्धा मी सांगितल्यावर कळलं. माझ्यासाठी तिचा अर्थ असा, की पंचकुलाच्या शाळेला पन्नास शर्ट टाकायचे तर योजना सोडा. वस्तू विकणाऱ्याला चाळीस लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही हेही खरं, पण आंतरराज्य विक्री केली की ती सवलतही संपते. दुकान बाय दहाचं असो की शंभरचं, हिशोब मोठ्या व्यापाऱ्याचाच ठेवायचा.

त्यात 1 ऑक्टोबर 2023 पासून आणखी एक बारकावा आला. ज्याची जीएसटी नोंदणी नाही अशा गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता लिहिला, नुसतं राज्याचं नाव लिहिलं तरी, विक्री त्या राज्यातली धरतात. काहीच लिहिलं नाही तर दुकान आहे तिथली. म्हणजे मोहालीची एखादी आई काउंटरशी उभी राहून मुलासाठी दोन शर्ट घेते, तेव्हा मी तिच्या नावापुढे काय लिहिते यावर कर कोणत्या सरकारकडे जाईल ते ठरतं. मोहालीचं सरकारी नाव साहिबजादा अजितसिंग नगर. बिलावर कुणी मोहाली लिहितं, कुणी एसएएस नगर. गिऱ्हाइकाला एकच गाव माहीत असतं, ट्रायसिटी.

हे सगळं इतकी वर्षं मी वहीत सांभाळलं. माझं माहेर सोलापूरचं. सोलापूर म्हटलं की लोकांना चादर आठवते, पण तिथे गणवेश शिवणारे कारखाने खूप आहेत आणि तो माल देशभर जातो. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होऊन चंदीगडला आलो आणि इथेच राहिलो. मुलं शाळेत गेल्यावर मी माहेरच्या ओळखीवर शर्ट मागवून विकू लागले. आता पँटच्या कापडाचे तागे भिलवाड्याहून येतात, स्वेटर लुधियान्याहून, शर्ट अजूनही सोलापूरचे. पँट, पिनाफोर आणि थंडीतले ब्लेझर इथेच शिवले जातात. ते मास्टरजी शिवतात.

मास्टरजी रोपडजवळच्या एका गावचे. पहिल्या दिवशी मी महाराष्ट्रातली आहे कळल्यावर म्हणाले, ‘‘मग तुम्ही भगत नामदेवजींच्या मुलखातल्या.’’ नामदेव जातीने शिंपी, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. त्यांनीच मला सांगितलं. मजुरी नगावर. त्यांची वही गुरुमुखीत, माझी मराठीत, आणि सीए दोन्हीचं इंग्रजी करून विवरणपत्र भरायचे. शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं आपापली वही उघडून बसायचो. ते वाचायचे, ‘‘पैंट छत्ती, तेरां.’’ मी माझ्या पानावर पाहायची : पँट 36, नग 13. जुळलं की पुढची ओळ. शेवटी मी पैसे मोजून द्यायची, मग ते माझ्या वहीत सही करायचे आणि मी त्यांच्या. दुहेरी नोंदीची पद्धत इटलीतल्या पाचोलीने 1494 मध्ये छापून प्रसिद्ध केली म्हणतात. आमची दुहेरी नोंद म्हणजे दोन माणसं आणि दोन वह्या.

2025 च्या जानेवारीत सीए म्हणाले, ‘‘भाभीजी, अब हाथ का काम बंद. अप्रैल से डेटा दीजिए.’’ त्यांच्याकडे हस्तलिखित वह्या उतरवून घेणारे मुन्शीजी वयोमानाने घरी बसले होते आणि नव्या मुलांना माझी मराठी वाचता येत नव्हती. गणवेशवाल्याला फेब्रुवारीच्या मध्यानंतर श्वास घ्यायला फुरसत नसते. हाताशी महिनाभर होता.

पहिल्यांदा मोबाइलवरचं खाताबुक पाहिलं. ते मराठीत चालतं, पंजाबीतही चालतं, आणि त्याचा सगळा जीव दोन बटणांत आहे : तुम्ही दिले, तुम्हाला मिळाले. जमा कोणती आणि नावे कोणती हे ज्याला आयुष्यभर उलगडत नाही त्याच्यासाठी ही दोन बटणं म्हणजे मोठी सोय. नोंद केली की समोरच्याच्या फोनवर संदेश जातो. मास्टरजींना हे फार आवडलं. पण त्याचा जन्म उधारीच्या वहीसाठी झालेला. तीन राज्यांचे रकाने, लुधियान्याच्या स्वेटरांवर भरलेल्या कराची वजावट हे काम त्याच्यावर टाकणं मला पटेना. मग बिल बनवणारी दोन-तीन ॲप पाहिली. एकाच्या नमुना बिलावर चंदीगडच्या गिऱ्हाइकालाही एसजीएसटी छापून येत होतं, यूटीजीएसटी नाही. विक्रेता म्हणाला, ‘‘मॅडम, एकच गोष्ट आहे.’’ पैशाच्या दृष्टीने एकच असेल. पण ज्याला आपल्या गावाचं नाव नीट माहीत नाही त्याच्या हाती मी दुकान का द्यावं?

पुण्याचा भाचा ग्नूकॅशच्या मागे होता. फुकट, मोकळं, कुणाच्या मालकीचं नाही. हिशोबाचं तत्त्व शिकायचं तर याहून चांगला गुरू नाही असं मला अजूनही वाटतं, पण भारतीय जीएसटीची विवरणपत्रं ते आपणहून काढून देत नाही. झोहो बुक्स चेन्नईच्या कंपनीचं, देखणं, ब्राउझरमध्ये चालणारं. तिथे मी जवळजवळ थांबलेच होते. बिझी आमच्या बाजारात बरेच जण वापरतात. आणि टॅली, जिचं नाव इथे क्रियापदासारखं वापरतात : ‘‘टॅली कर लिया?’’

टॅलीची गोष्ट मला आवडते. श्यामसुंदर गोयंका यांना आपल्या धंद्यासाठी हिशोबाचं सॉफ्टवेअर हवं होतं, पण मिळत होती त्यात प्रत्येक खात्याला आकड्यांचा संकेत द्यावा लागे. त्यांना खात्याला नावानेच हाक मारायची होती. मुलगा भरत याने तसं लिहून दिलं आणि 1986 मध्ये त्यांची कंपनी उभी राहिली. म्हणजे भारतातल्या सगळ्यांत पसरलेल्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं मूळ एका व्यापारी बापाच्या हट्टात आहे, की खात्याला नंबर नको, नाव हवं. आमच्या वहीतही नावच होतं.

या सगळ्या पाहणीत मास्टरजी मशीनवरून मान वर करून ऐकत असायचे. एके दिवशी त्यांनी विचारलं, ‘‘भैणजी, मेरा हिसाब कित्थे दिसूगा?’’ माझा हिशोब कुठे दिसेल? इतक्या विक्रेत्यांनी मला इतक्या सोयी दाखवल्या, पण या प्रश्नाचं उत्तर कुणाच्याही माहितीपत्रकात नव्हतं. वही गल्ल्याशेजारी पडलेली असायची, कुणीही उघडावी. आता ती पासवर्डच्या आत जाणार, इंग्रजीत जाणार. आणि दुसरी गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, पण मला कळली. वहीत मी एखादा आकडा बदलला तर खोडलेलं दिसतं, शाई वेगळी दिसते. पडद्यावर तेराचे बारा झाले तर मागे काहीच उरत नाही. मी तसं करणार नाही हे त्यांना ठाऊक आहे. पण हिशोब माणसाच्या चांगुलपणावर सोडायचा असता तर वह्या लागल्याच नसत्या.

त्यामुळे मी विक्रेत्यांना विचारायचे प्रश्न बदलले. खोडलेलं दिसेल का? कंपन्यांना 1 एप्रिल 2023 पासून प्रत्येक बदलाची नोंद राखणारंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं. माझं दुकान कंपनी नाही, एकटीच्या नावावरचं आहे, मला ती सक्ती नाही. पण सोय त्यामुळे तयार झालेली होती. टॅलीत तिला एडिट लॉग म्हणतात. आधी काय होतं, कधी बदललं, कुणी बदललं, सगळं दिसतं. मला ते हवं होतं, आणि मास्टरजींना ते दाखवता यायला हवं होतं.

दुसरा प्रश्न सुचला तो शेजारच्या बूथमधल्या अंकलजींमुळे. त्यांचं होजिअरीचं दुकान. त्यांचे आजोबा फाळणीत लायलपूरहून आले, येताना दुकानाची एक वही बरोबर आणली. लाल कापडाची, लांबट, अजून घरात आहे. ती लंडे लिपीत आहे आणि घरात कुणालाही वाचता येत नाही. लंडेत मात्रा लिहीत नसत. व्यापाऱ्यांच्या अशा लिप्यांवरचा एक जुना विनोद अंकलजी नेहमी सांगतात : चिठ्ठीत लिहिलं होतं ‘काकाजी अजमेर गए’, घरच्यांनी वाचलं ‘काकाजी आज मर गए’, आणि रडारड सुरू. मी हसते, पण सोलापूरच्या घरी माझ्याही आजोबांच्या दुकानाच्या वह्या आहेत. त्या मोडीत आहेत. कुणाकडून किती येणं होतं, कुणाचं देणं राहिलं, तीन पिढ्यांपूर्वीच्या माणसांची सगळी लाज आणि अब्रू त्या पानांवर आहे, आणि मला त्यातलं एक अक्षर लागत नाही. त्यांना वाळवी लागलेली नाही, पानं जळलेली नाहीत, फक्त लिपी निघून गेली.

सॉफ्टवेअरची लिपी याहून लवकर निघून जाते. क्विकबुक्स जगभर गाजलेलं, अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीचं; तिने 2022 मध्ये जाहीर केलं आणि 2023 मध्ये भारतातली सेवा बंद केली. वापरणाऱ्यांना आपला डेटा उतरवून घ्यायला मुदत दिली होती. कायद्याने हे काही वावगं नाही. पण जीएसटीचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपून ठेवावे लागतात. सहा वर्षांनी कुणी विचारलं तर ते उघडलं पाहिजे. झोहोपाशी थांबलेली मी तिथून मागे फिरले ती याच विचाराने. त्या कंपनीविषयी माझी काही तक्रार नाही, पण माझी वही मला माझ्याच खोलीत हवी होती. मी टॅली घेतलं. दुकानातल्या संगणकावर ते असतं, डेटा माझ्या फोल्डरात, रोज रात्री एका पेन ड्राइव्हवर त्याची प्रत, आणि महिन्याच्या शेवटी सगळ्या खात्यांची छापील प्रत फाइलला. छापील प्रतीचं ऐकून सीएंच्या कचेरीतली मुलं हसली. हसू दे.

एक गोष्ट मी ठरवून सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवली. गणवेशाचा खरा गुंता साइजमध्ये असतो : शाळा नऊ, प्रत्येकीच्या पँटीचे बारा साइज, शर्टाचे तेवढेच, वर बदलून न्यायला येणारे पालक. हा साठा नगानगाने चढवायचा म्हटलं तर एक माणूस नुसता त्यालाच लागेल. साइजचं रजिस्टर मी कपाटाच्या दारात दोरीने टांगून ठेवलं आहे. संगणकाला फक्त माल किती आला आणि किती गेला एवढंच कळतं. ‘सोपं सॉफ्टवेअर कोणतं’ असं मला आता बाजारातल्या दोघी-तिघी विचारतात. मी त्यांना उलट विचारते, तुम्ही त्यात काय घालणार नाही ते आधी सांगा.

पहिल्या महिन्याच्या अखेरीला रोकड आणि पडदा यांत अठरा रुपयांचा फरक आला. शोधल्यावर कारण साधं निघालं : बिलं पैशांत होतात आणि गिऱ्हाईक पूर्ण रुपये देतं. टॅलीत यासाठी राउंड ऑफ नावाचं खातं उघडतात आणि हे सुटे पैसे त्यात सोडतात. मी मास्टरजींना एकनाथांची गोष्ट सांगितली. गुरूंनी हिशोब सोपवलेला, एका पैचा फरक येत होता, एकनाथ रात्रभर दिव्याशी बसून राहिले आणि पहाटे ती पै सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या पिटू लागले. जनार्दनस्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढा आनंद, मग देवाचा शोध लागला तर किती होईल. मास्टरजींनी सुई दातात धरून ऐकून घेतलं आणि मग बाबा नानकांची गोष्ट सांगितली. सुलतानपूर लोधीला नवाबाच्या मोदीखान्यात नानक धान्य मोजायचे. बारा झाले, तेरां म्हणाले, आणि तेरांवरच अडकले. पंजाबीत तेरां म्हणजे तेरा आणि तेरा म्हणजे तुझं. तुझं, तुझं म्हणत मोजत राहिले, धान्य वाटलं जात राहिलं. चुगली झाली, नवाबाने हिशोब तपासायला लावला, तर काही कमी पडलं नव्हतं. एक संत पै सापडेपर्यंत झोपले नाहीत आणि एक मोजणंच विसरले. मास्टरजींचं म्हणणं, दोघांचाही हिशोब जुळला ना, झालं तर. मला मात्र राहून राहून वाटलं, एकनाथांना राउंड ऑफचं खातं मिळालं असतं तर ती गोष्टच घडली नसती.

22 सप्टेंबर 2025 ला कराचे दर बदलले. तोवर हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्यावर बारा होते; म्हणजे शर्ट पाचाचा, ब्लेझर बाराचा, एकाच बिलात दोन दर. आता अडीच हजारांपर्यंत सरसकट पाच. ब्लेझरचा दर मी त्या तारखेपासून बदलून घेतला, जुनी बिलं जुन्या दराने राहिली, पाच मिनिटांचं काम झालं. वहीच्या दिवसांत हे पाठ करण्यात आठवडा गेला असता. हे कबूल करायला हवं. वहीच्या बाजूने बोलायला लागले की मला थांबता येत नाही.

मास्टरजींच्या खात्याला टॅलीत मी दुसरं नावही दिलं आहे, गुरुमुखीत. बसच्या पाट्या वाचून वाचून मला ती लिपी येते. शनिवारी त्यांच्या खात्याचा कागद छापते. ते आपली वही आणतात, वाचतात, मी कागदावर बोट ठेवून जुळवते. सही आता कागदावर होते, दोघांची. एखाद्या नोंदीत बदल झाला असेल तर तो एडिट लॉगमधून काढून त्याच कागदाला टाचते.

डिसेंबरात त्यांच्या मुलीच्या शिक्षणासाठी कर्ज काढायचं होतं. बँकेत उत्पन्नाचा पुरावा मागितला. पगाराची चिठ्ठी त्यांच्याकडे कुठून असणार! ते आपली वही घेऊन गेले होते. समोरच्या माणसाने ती सौजन्याने उलटसुलट पाहिली आणि परत दिली. चंदीगडच्या प्रशासनाची भाषा इंग्रजी आहे आणि बँकेचीही. मग मी एप्रिलपासूनचं त्यांचं खातं छापलं, इंग्रजीत, महिनावार बेरजांसह, दुकानाचा शिक्का मारला. मास्टरजींनी ते लगेच घेतलं नाही. कागद घडी करून घरी नेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आले तेव्हा प्रत्येक महिन्याच्या बेरजेशेजारी पेन्सिलीने गुरुमुखी आकडा होता, त्यांच्या वहीतला.

‘‘मिलदा ऐ,’’ म्हणाले, आणि शिक्का मारलेली दुसरी, स्वच्छ प्रत बँकेसाठी मागून घेतली. पेन्सिलीची त्यांनी आपल्या वहीत ठेवली.